यंत्रायंत्रांतील स्वायत्त व्यवहार
मानवाने प्रत्येक वेळी संमती न देता एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडून वस्तू वा सेवा मागविणे, तिचे मोल चुकते करणे व त्याची नोंद ठेवणे, या क्रियांना ही संज्ञा लावतात.

कल्पनेचे मूळ नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांत आढळते. ॲलेक्झांड्रियाच्या हीरोने इ. स. पहिल्या शतकात वर्णिलेल्या पात्रात नाण्याच्या भाराने तरफ कलून झडप उघडे व मोजके पवित्र जल बाहेर येई. संगणकतज्ञ निक साबो यांनी १९९७ मध्ये अशा विक्रीयंत्रालाच स्वयंचलित कराराचा आदिम पूर्वज मानले. मात्र परस्परांना अपरिचित यंत्रांना विश्वासार्ह हिशेबवही हवी होती. २००९ मध्ये कार्यान्वित झालेल्या बिटकॉइनच्या ब्लॉकचेनने ती पुरविली. तीत नोंदींचा प्रत्येक गठ्ठा मागील गठ्ठ्याशी गणिती रीतीने जोडलेला असून वहीच्या प्रती अनेक संगणकांवर असतात. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलणे दुष्कर होते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममुळे वहीतच कराराची आज्ञावली चालविणे सुलभ झाले.

त्याच वर्षी आयबीएम व सॅमसंग यांनी मांडलेल्या ‘अडेप्ट’ या प्रायोगिक योजनेत धुलाईयंत्र साबण संपत आल्याचे ओळखून स्वतःच मागणी नोंदवीत असे. जर्मनीतील स्लॉक इट या कंपनीने भाडे भरताच उघडणारी कुलुपे योजिली. अशा उपक्रमांस भांडवल मिळावे म्हणून मुख्यतः तिच्याच तंत्रज्ञांनी ‘द डीएओ’ हा आज्ञावलीबद्ध निधी रचला. मे २०१६ मध्ये त्यात सु. १५ कोटी डॉलर मूल्याचे ईथर हे इथेरियमचे चलन जमले. १७ जून रोजी एका अज्ञात व्यक्तीने त्यातून सु. ३६ लक्ष ईथर वळविले. शिल्लक वजा होण्यापूर्वीच रक्कम काढण्याची आज्ञा पुनःपुन्हा देता येत होती. आज्ञावलीच्या अक्षरार्थाने हे नियमबाह्य नव्हते, आणि खरी अडचण हीच होती. अखेर २० जुलै रोजी बहुसंख्य सहभागींनी वहीच बदलून रक्कम परत मिळविण्याची सोय केली. बदल अमान्य करणाऱ्यांची वही ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने पृथक् झाली. माणसाचा हस्तक्षेप टाळण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेतील हा तंटा अशा प्रकारे माणसांनाच सोडवावा लागला.

दुसरी मर्यादा मोजमापाची. ब्लॉकचेन नोंदीस संरक्षण देते. परंतु विजेच्या मीटरने वा तापमापकाने कळविलेला आकडाच चुकीचा असल्यास तीही चूक तितक्याच काटेकोरपणे जतन होते व तिच्या आधारे पैसे दिले जातात.

अशा वेळी उत्तरदायी कोण, हा प्रश्न ब्लॉकचेनहून जुना आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ११ नुसार आपोआप चालणाऱ्या प्रणालीने पाठविलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख, ज्याने किंवा ज्याच्या वतीने ती प्रणाली तशी योजिली, त्या प्रवर्तकाचाच मानला जातो.