आसईचा उतार

भाऊबिजेला वडिलांचे बोट धरून मी नदीपलीकडे आत्याच्या गावी जात असे. पूल नव्हता. पण घोट्याएवढे पाणी कुठे अन् डोह कुठे, हे दोन्ही गावच्या पोरासोरांना ठाऊक! समोरासमोरच्या गावांचे असेच असते. दळण, बाजार, सोयरीक, सारे त्या उतारावरून चालते.

आसईची लढाई वाचताना मला हटकून तो उतार आठवतो. आसई हे आपल्या जालना जिल्ह्यातले, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले लहानसे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा इथे होत्या. कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हुकमतीत, आणि तोफा शंभराच्या घरात. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. त्याच्यापाशी कवायती माणूस साडेचार हजारांच्या आसपास. कर्नल स्टीव्हन्सनची फौज दुसऱ्या वाटेने येत होती आणि दोघांनी मिळून २४ तारखेला हल्ला करावा, असे बदनापुरास ठरले होते. वेलस्ली मात्र थांबला नाही.

तोफांच्या तोंडासमोर नदी उतरणे म्हणजे मरण. दुसरा उतार आहे का, म्हणून त्याने वाटाड्यांना पुसले. ते म्हणाले, नाही. (ठाऊक असूनही ते बोलले नसावेत, असे आपले मला वाटते.) तेवढ्यात त्याला अलीकडच्या आणि पलीकडच्या काठावर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतक्या जवळचे शेजारी एकमेकांकडे गेल्यावाचून राहतील कसे? त्याने माणूस धाडला. उतार सापडला!

तरी लढाई सोपी गेली नाही. पोलमनने सारी फळी झटकन फिरवून नव्या बाजूला उभी केली. आपले गोलंदाज तोफा सोडीनात. कित्येक तोफांपाशीच पडले. इंग्रजांकडचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४ झाले, त्यांत ठार ४२८. पण ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या, आणि डिसेंबरात भोसल्यांना देवगावचा व शिंद्यांना सुर्जी-अंजनगावचा तह करावा लागला.

पुढे इंग्रजांच्या पलटणींनी निशाणांवर आसईचे नाव मिरवले. मला मात्र पिंपळगाव-वरूडच्या बायाबापड्यांचेच मनात येते. त्या साली भाऊबिजेला ओवाळायला बसलेल्या बहिणीचा भाऊ त्याच पाण्यातून आला असेल ना?