दालामुडचा पात
जपानच्या स्क्वेअर एनिक्स या संस्थेने 30 सप्टेंबर 2010 रोजी खुला केलेला ‘फायनल फँटसी 14’ हा ऑनलाइन खेळ इतका सदोष निघाला की, डिसेंबरात कारभार नाओकी योशिदा यांच्याकडे सुपूर्द करून, जुन्याची डागडुजी चालू ठेवीत त्याच्या जोडीने नवा खेळ पायापासून उभारण्याची दुहेरी तजवीज संस्थेला करावी लागली. जुना खेळ बंद करण्याची वेळ आली तेव्हा मात्र, नुसता हुकूम काढून दप्तर गुंडाळण्याऐवजी, योशिदांनी त्या जगाचा अंत कथेतच गुंफला. या व्यवसायाच्या इतिहासात इतके औचित्य मला अन्यत्र क्वचितच आढळले. खेळातील आकाशात दालामुड नावाचा तांबडा चंद्र दिवसेंदिवस मोठा दिसू लागला. आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी सर्व्हर थांबल्यावर, तो चंद्र फोडून बाहामुट हा प्रचंड ड्रॅगन बाहेर पडतो व सारा मुलूख जाळीत सुटतो, असा चित्रपट खेळाडूंना दाखविण्यात आला. 27 ऑगस्ट 2013 रोजी ‘अ रिअल्म रीबॉर्न’ हा नवा खेळ आला, तेव्हा वर्गणी भरून टिकलेल्या जुन्या खेळाडूंच्या पात्रांच्या मानेवर मागच्या बाजूस एक गोंदण उमटले होते. ‘ओव्हरवॉच’ या दुसऱ्या एका ऑनलाइन खेळाच्या वाट्याला असा निरोप आला नाही: 2022 च्या ऑक्टोबरात दुसरा भाग येताच पहिला, तो विकत घेतलेल्यांनाही, पुन्हा उघडता येईना.