पट्टी कधी सोडायची?



या मालिकेत आपण तोफा पाहिल्या, घाट पाहिले, फौजेची रसद पाहिली. आज एका कापडाच्या पट्टीबद्दल बोलणार आहे. जखमेवर पट्टी बांधायची कशी हे कुठल्याही प्रथमोपचाराच्या पुस्तकात सापडतं. ती सोडायची कधी, या प्रश्नावर मात्र माणसांनी शतकानुशतकं डोकं खपवलंय, आणि उत्तर बरेचदा रणांगणाच्या मागच्या तंबूत सापडलंय. गेल्या वर्षी घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिने माझा उजवा पाय बांधलेला होता. त्यामुळे मला वाचायला वेळही मिळाला आणि कारणही.

सुरुवात सुश्रुतापासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे 14 प्रकार नावानिशी दिले आहेत. कोश, दाम, स्वस्तिक, मंडल, गोफणा अशी ती नावं. बोटांच्या पेरांना कोश, सांध्यांना आणि तळव्याला स्वस्तिक. स्वस्तिक म्हणजे एकमेकांना छेदून जाणारे वेढे. घोटा मुरगळल्यावर कंपाउंडर आठाच्या आकड्यासारखी पट्टी गुंडाळतो, ती डोळ्यांसमोर आणा.

मला जास्त आवडला तो त्याच सूत्रस्थानातला पाचवा अध्याय. तिथे शस्त्रकर्मानंतरची पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी असं सांगितलंय, आणि पुढे बजावलंय की घाई करून दुसऱ्याच दिवशी उघडू नये. उघडली तर जखमेला गाठी येतात, ती उशिरा भरते आणि फार दुखते. उन्हाळ्यात पट्टी लवकर बदलायची, थंडीत उशिरा. आणि हे सगळं सांगून झाल्यावर हा ग्रंथ असंही म्हणतो की दुखणं झपाट्याने वाढणारं असेल तर नियम बाजूला ठेवा, घराला आग लागल्यावर धावता तसं धावा. नियम आणि नियम मोडायची वेळ, दोन्ही एकाच अध्यायात. आमच्या स्टाफ कॉलेजात असं लिहिणाऱ्याला चांगले मार्क मिळाले असते.

फौजेत प्रत्येक जवानाजवळ एक फील्ड ड्रेसिंग असतं. कापसाची गादी आणि तिला जोडलेली लांब पट्टी, सीलबंद पाकिटात. शिकवण अशी की गादी जखमेवर दाबून बांधायची, आणि रक्त वर झिरपलं तर पहिली पट्टी काढायची नाही, तिच्यावरच दुसरी बांधायची. पहिली ओढली की धरलेलं रक्त पुन्हा सुटतं. नव्या रंगरुटाला हे पटत नाही. त्याचा हात आत काय झालंय ते बघायला शिवशिवतो. तो हात आवरायला शिकवणं हे प्रथमोपचाराचं अर्धं प्रशिक्षण आहे.

आता प्लॅस्टरकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हाड मोडलं की फळ्या, किंवा खळ लावून ताठ केलेली पट्टी बांधत. खळीची पट्टी बेल्जियमच्या सूतँ या सर्जनने रूढ केली. पण ती वाळायला दोन-तीन दिवस लागायचे, तोवर हाड जागेवरून सरकायचं. 1851 मध्ये हॉलंडमधल्या हार्लेम गावी अँटोनियस मॅथाइसेन नावाच्या लष्करी सर्जनने सुती कापडाच्या पट्टीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसची कोरडी भुकटी चोळली, पट्टी पायाभोवती गुंडाळली आणि ओली केली. काही मिनिटांत ती दगडासारखी घट्ट झाली.

यामागचं रसायनशास्त्र सोपं आहे. जिप्सम भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि भुकटी उरते. तिला पाणी परत मिळालं की ती पुन्हा जिप्सम होते, आणि होताना गरम होते. ज्यांना प्लॅस्टर घातलंय त्यांना ती ऊब आठवत असेल. आपल्याकडचा जिप्सम जवळपास सगळा राजस्थानातून येतो, म्हणजे बिकानेर-नागौरच्या वाळूखालची वस्तू आपण पायाला बांधून घेतो.

मॅथाइसेनचं शहाणपण असं की पट्टी काढण्याचा विचार त्याने बांधतानाच केला होता. जखम बघायला तिच्यात खिडकी कापता यावी, सूज आली तर ती सैल करता यावी, जखमेतल्या पाण्याने ती खराब होऊ नये, या गोष्टी त्याने गुण म्हणून मोजल्या.

तीन वर्षांनी क्रिमियाच्या युद्धात रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह सेवास्तोपोलला पोचला. त्या काळी गोळीने हाड फुटलं की पाय कापणं हाच सरधोपट उपाय होता, कारण मोडका पाय घेऊन बैलगाडीतून शंभर कोस गेलेला शिपाई बहुधा पोचायचाच नाही. पिरोगोव्हने युद्धभूमीवर मोठ्या प्रमाणात प्लॅस्टर वापरलं आणि कित्येकांचे पाय वाचवले. एका शिल्पकाराला प्लॅस्टरमध्ये काम करताना पाहून ही कल्पना त्याला सुचली होती.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची कमी ठाऊक असते, आणि सोडण्याचा प्रश्न खरा पेटतो तो तिथेच.

पहिल्या महायुद्धात विनेट ऑर नावाचा अमेरिकन लष्करी सर्जन होता. पायाच्या उघड्या, घाण झालेल्या जखमांसकट प्लॅस्टर घातलेले शिपाई फ्रान्सहून जहाजाने अमेरिकेला जात. प्रवासात आठवडेच्या आठवडे त्यांची पट्टी कोणी बदलत नसे. प्लॅस्टर उघडल्यावर दुर्गंधी असह्य यायची, पण खालची जखम लालसर, निरोगी दिसायची. रोज पट्टी बदलून घेणाऱ्यांपेक्षा हे लोक बरे असायचे. ऑरने यावरून पद्धतच बसवली.

स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप त्रुएता यांनी ती पुढे नेली. बॉम्बने फाटलेल्या अवयवातलं मेलेलं मांस कापून काढायचं, जखम न शिवता गॉझ भरायचा, वर प्लॅस्टर घालायचं, आणि मग हात मागे घ्यायचा. काही आठवडे. वॉर्डात वास इतका की भेटायला आलेली माणसं दारातूनच परतत. त्रुएतांनी अशा 1,073 रुग्णांचा हिशेब दिला, त्यात मृत्यू 6. पेनिसिलिन वापरात येण्याच्या आधीचा हा आकडा आहे. 1939 मध्ये देश सोडून ते इंग्लंडला आले, आणि पुढे ऑक्सफर्डला अस्थिशल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले.

मला यात त्यांच्या हातापेक्षा त्यांच्या छातीचं कौतुक वाटतं. वास मारणारी पट्टी समोर आहे, रुग्ण विनवतोय, नर्स नाक दाबून उभी आहे, आणि सर्जन म्हणतो, आज नाही. हे सोपं नाही. पण ताप चढला, बोटं काळी-निळी पडली, तर त्याच सर्जनला त्याच क्षणी प्लॅस्टर फोडावं लागतं. सुश्रुतसंहितेतलं जळतं घर ते हेच.

आता माझ्या पायाकडे येतो. उत्तर सीमेवर तरुणपणी मोडलेला घोटा पुढच्या तीस वर्षांत झिजत झिजत हाडावर हाड घासू लागला होता. शेवटी सिकंदराबादला, जिथे आम्ही निवृत्तीनंतर स्थायिक झालो, तो सांधा स्क्रू घालून कायमचा जोडून टाकला. आमच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "कर्नलसाहेब, तुम्हाला अकरा वर्षं मधुमेह आहे, तळव्याची संवेदना कमी झाली आहे. हाड जुळायला वेळ लागेल. कदाचित जुळणारही नाही." पंधराव्या दिवशी पहिली पट्टी काढून टाके काढले. मी खाली वाकून पाहिलं. काळ्या दोऱ्याची रांग, भोवती पिवळसर-जांभळी सूज. जखम कोरडी होती. लगेच नवं प्लॅस्टर चढलं, आणि हुकूम झाला की पुढचे आठ आठवडे या पायावर एक किलोसुद्धा वजन टाकायचं नाही.

प्लॅस्टर घातलेल्या माणसाला सांगतात की आत दुखलं, टोचलं, जळजळ झाली तर लगेच या. माझी अडचण अशी की मला नीट दुखतच नव्हतं. लोक म्हणायचे, नशीबवान आहात. आमच्या सौ. रोज सकाळी माझ्या पायाची बोटं दाबून रंग परत येतो का ते पाहायच्या. मी रात्री झोपताना विचार करायचो की चौकीवर संत्री आहे, पण त्याला ऐकू येत नाही.

याच दिवसांत मी डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सविस्तर वाचलं. ब्रँड यांचा जन्म 1914 चा, बालपण तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातलं, आईवडील मिशनरी. 1946 मध्ये सर्जन होऊन ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी सर्वांची समजूत होती की कुष्ठरोगात मांसच सडतं, त्यामुळे पायाच्या जखमा भरणार नाहीत. ब्रँड यांनी नीट पाहिलं तेव्हा दिसलं की मांस आपल्यासारखंच आहे. गेलेली असते ती वेदना. खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो, जखम रोज पुन्हा चिरडली जाते, म्हणून भरत नाही. मग उपाय काय? पायाला पूर्ण विसावा. अशा जखमांना प्लॅस्टर घालून पाहण्याचे प्रयोग भारतात आणि श्रीलंकेत आधी झाले होते. वेल्लोरला त्यांची शिस्त बसली. तळव्याला सगळीकडे सारखं टेकणारं प्लॅस्टर घातलं की वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा काही आठवड्यांत भरू लागल्या.

आणि इथे एक नवी गोष्ट कळली. प्लॅस्टर काढलं, जखम भरली, माणूस आनंदाने घरी गेला, आणि काही दिवसांनी तीच जखम घेऊन परत आला. निजून राहिलेलं हाड कमजोर झालेलं, स्नायू आटलेले, कातडी कोवळी, आणि थांब म्हणणारी वेदना नाही. म्हणजे ज्या दिवशी आपण पेढे वाटतो, तो अशा पायासाठी फार जोखमीचा दिवस. म्हणून चालणं मोजून वाढवायचं, पायातली वहाण बदलायची, आणि तळवा रोज हाताने चाचपायचा. पायाचा एखादा भाग दुसऱ्या पायाच्या त्याच भागापेक्षा गरम लागला तर तिथे आत काहीतरी बिघडतंय. ब्रँड यांनी या तापमानावर फार भर दिला. आज मधुमेही पायांसाठी साधारण दोन अंश सेल्सियसचा फरक धोक्याची खूण मानतात.

1966 मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथून त्यांचं प्लॅस्टर मधुमेही रुग्णांपर्यंत पोचलं. आज जगभर डायबेटिक फूटच्या जखमेवर जो उत्तम उपाय म्हणून शिकवला जातो, तो तमिळनाडूतल्या गरीब, गावाबाहेर काढलेल्या माणसांच्या पायांवर घडलेला आहे. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, मला समजत नाही.

माझं प्लॅस्टर दहाव्या आठवड्यात काढलं. कापायची करवत गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कडक प्लॅस्टर तिच्यापुढे तुटतं, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते, म्हणून सहसा कापली जात नाही. मात्र पातं तापतं, हे लक्षात ठेवा. मिशिगनच्या होमर स्ट्रायकर या डॉक्टरने 1940 च्या दशकात ती बनवली. त्याआधी व्हिनेगर ओतून प्लॅस्टर मऊ करत आणि सुरी-कात्रीने कापत. दोन शिंपले उघडावेत तसे भाग बाजूला झाले. आत माझा म्हणावा असा पाय नव्हता. पोटरी मनगटाएवढी वाटली, कातडीचे पापुद्रे, लांब केस, आंबूस वास. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जुळतंय. सगळं नाही, पण जुळतंय."

मी विचारलं, "चालू का?"

"पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच मिनिटं, वॉकर धरून, बूट घालून. आणि पाय रोज संध्याकाळी हाताने बघायचा."

सध्या चाळीस मिनिटांवर आलोय. घरात एमसीआर चप्पल वापरतो, मायक्रोसेल्युलर रबरची, मऊ तळाची, मागे पट्टा असलेली. हे रबर ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्लोरकडे बिनवेदनेच्या पायांसाठीच वापरात आणलं. फौजेत फूट इन्स्पेक्शन असायचं. लांब कूचनंतर जवान बूट-मोजे काढून ओळीत बसायचे आणि अधिकारी एकेकाचा तळवा पाहायचा. आता संध्याकाळी सौ. स्टूल ओढून समोर बसतात, मी पाय पुढे करतो, आणि त्या तळहाताच्या पाठीमागच्या बाजूने आधी डावा, मग उजवा चाचपतात. परवा उजव्या टाचेपाशी थोडं ऊन लागलं. दोन दिवस चालणं बंद ठेवलं, डॉक्टरांना फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय सारखे थंड होते, तेव्हा पुन्हा वीस मिनिटांपासून सुरुवात केली.