गोळीमागचा कापूस

माझे मामा एसआरपीएफच्या अमरावतीच्या गटातून निवृत्त झाले. दिवाळीत अकोल्याला आमच्याकडे आले, की माझी तोंडी परीक्षा ठरलेली.

"काहून बे, इंजिनिअर ना तू? थ्री-नॉट-थ्रीत दर गोळीले हातानं बोल्ट ओढा लागे. एसएलआरमध्ये कोन ओढते?"

मी म्हणालो, स्प्रिंग. मामा हसले. स्प्रिंग बोल्टला पुढे आणते. मागे कोण नेतं?

उत्तर आहे गॅस. बारूद पेटली की तिचा गॅस होतो आणि तो गोळीला नळीतून रेटतो. नळीला पुढे एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली, की थोडा गॅस त्यातून वर शिरतो आणि एका पिस्टनला मागे ढकलतो. पिस्टनच्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि स्प्रिंग दाबतो. मग स्प्रिंग त्याला पुढे लोटते. येताना तो मॅगझिनमधली नवी गोळी नळीत बसवतो आणि कुलूपबंद होतो.

खरी मेख वेळेची. गोळी नळीत असताना बोल्ट उघडला, तर सगळा दाब चालवणाऱ्याच्या तोंडावर येईल. म्हणून धक्का बसल्यावर बोल्टचा वाहक आधी थोडा मोकळाच सरकतो, कुलूप त्यानंतर उघडतं. (रेस कंडिशनचे बग शोधण्यात माझे कित्येक शनिवार गेलेत. इथे ते लोखंडातच सोडवलंय.)

ही कल्पना 1889 मधली. गोळीबाराच्या झोताने नळीपुढचं गवत लवताना जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने पाहिलं. एवढा जोर वाया का घालवायचा? पण जुन्या काळ्या बारुदीच्या काजळीने असं यंत्र लगेच तुंबलं असतं. धूर न करणारी बारूद फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने 1884 मध्येच केली होती, नायट्रोसेल्युलोजपासून. म्हणजे आम्लात मुरवलेल्या कापसापासून.

इथे मी थबकलो. 1867 मध्ये मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली, ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. लांब धागा गिरण्यांना जातो. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहते ती आखूड लव, म्हणजे लिंटर, नायट्रोसेल्युलोजला लागते. 1962 च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होत्या. त्यानंतर ईशापूरला एसएलआर बनू लागली, भंडाऱ्याला बारुदीचा कारखाना आला आणि वरणगावला काडतुसांचा. वरणगाव तर आमच्याच रेल्वेलाइनवर.

मामांनी एकदा रायफल नीट साफ केली नव्हती. सरावात काजळीने गॅस कमी पडला, पुंगळी बाहेर पडेना. "मंग काय, पुन्हा थ्री-नॉट-थ्री. दर गोळीले हातानं ओढ."

माझ्या आईचे वडील कापूसच पिकवत. त्याच्या भावाला कंटाळून मामा भरतीला गेले होते. मी त्यांना लिंटरचं सांगितलं. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले.

"म्हंजे कापसातून सुटलोच नाही म्हना," म्हणाले, आणि आईकडे चहा मागितला.