आखडलेले चित्र

चित्र मुद्दाम विकृत करावयाचे आणि पाहताना ते पूर्ववत् करावयाचे, ही युक्ती सिनेमाहून फार जुनी आहे. हान्स होल्बाइन याने १५३३ साली रंगविलेल्या दोन राजदूतांच्या चित्रात पायांशी एक तिरपा, लांबट डाग दिसतो. बाजूस सरून पाहिले म्हणजे ती माणसाची कवटी आहे हे कळते. तेथे पाहणाऱ्याने जागा बदलावयाची. सिनेमाच्या प्रेक्षकास असे खुर्चीवरून उठविता येत नाही; म्हणून ते काम भिंगाकडे आले.

हे भिंग सिनेमासाठी घडविले ते आँरी क्रेतिएँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने, १९२० नंतरच्या दशकात. त्यातून चित्राची रुंदी निम्मी होते, उंची तशीच राहते. फिल्मवर माणसे काटकुळी उमटतात. प्रक्षेपकास उलट गुणाचे भिंग लावले की पडद्यावर ती पुन्हा धडधाकट होतात. धंद्याने मात्र पंचवीसएक वर्षे या शोधाची कदर केली नाही. ती गरजेने आली. अमेरिकेत टेलिव्हिजनने प्रेक्षक घरी बसविले, तेव्हा १९५२ साली सिनेरामा निघाला. पण त्यास तीन प्रक्षेपक लागत, आणि ते कोणत्या थिएटरवाल्यास परवडणार? ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सने क्रेतिएँचे भिंग घेतले आणि १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट दाखविला. तीच फिल्म, तोच प्रक्षेपक. नवे मुख्यतः भिंग आणि रुंद पडदा! आपल्याकडे गुरुदत्तांनी १९५९ साली 'कागज़ के फूल' याच तंत्राने काढला.

पुढे डीव्हीडीने तीच युक्ती भिंगावाचून उचलली. आपल्याकडील पाल पद्धतीच्या तबकडीवर चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते, मग पडदा ४:३ चा असो वा १६:९ चा. रुंद चित्र त्यात आखडून भरतात आणि ते किती ताणावे याची एक खूण सोबत ठेवतात. संगणकावर रूपांतर करताना ही खूण गळाली, की ठिपके चौरस धरले जातात आणि माणसांची रुंदी सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. उपाय दोनच. खूण कायम राखावी, किंवा चित्र १०२४ गुणिले ५७६ करून घ्यावे. याच्या उलट, जुन्या लग्नाची ४:३ ची टेप 'पडदा भरावा' म्हणून १६:९ मध्ये ताणली, की घरची सारी माणसे लठ्ठ होतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांचा एवढा तिटकारा का असावा, हे आम्हांस उमगलेले नाही.

मूळ टेप किंवा तबकडी टाकून दिली, म्हणजे ज्यांनी त्या आजोबांना पाहिलेच नाही त्या नातवंडांना ते तसेच होते असे वाटणार. म्हणून रूपांतरापूर्वी चित्रात समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधावी: भिंतीवरचे घड्याळ किंवा ताट. पट्टी लावून तिची उंची व रुंदी मोजावी. दोन्ही सारखी भरली, तरच यंत्र सुरू करावे.