रानभाज्या

रानभाज्या : पेरणी वा लागवड न करता आपोआप उगवणाऱ्या आणि भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पती. कोवळा पाला, कोंब, फुले, फळे, कंद हे सारे त्यांत येते. अळंबीही लोकव्यवहारात याच गटात धरतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा. मृगाच्या आगेमागे शेवळे डोके वर काढतात. पाऊस धरला की टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कवळा आणि दिंडा येतात. पुढे वेलींवर करटोली लागतात आणि पावसाळा सरल्यावर करांदे मिळतात. घोळ, चिवळ, पाथरी, तांदुळजा या भाज्या ओल असेल तिथे इतर ऋतूंतही सापडतात. निसर्गाने दिलेले फुकटचे अन्न, असे रानभाज्यांचे वर्णन सर्रास केले जाते. त्यांना पैसे पडत नाहीत हे खरे, पण हे वर्णन अपुरे आहे. त्यांतल्या बहुतेक उगवतात त्या माणसाचा राबता असलेल्या जमिनीत, आणि पोटात जाण्याजोग्या होतात त्या पिढ्यानपिढ्या पारखून घेतलेल्या कृतीमुळे. ती जमीन आणि ती कृती टिकली तरच रानभाजी टिकते.

आधी जमिनीचे पाहू. टाकळा (मराठवाडा-विदर्भात तरोटा), कुर्डू, घोळ, आघाडा या वनस्पती घनदाट जंगलात क्वचितच दिसतात. त्यांना भरपूर ऊन आणि उकरलेली, तुडवलेली माती लागते. म्हणून त्या शेताच्या बांधावर, गुरांच्या वाटेवर, उकिरड्याजवळ, गायरानात आणि रस्त्याच्या कडेला माजतात. भारंगी, दिंडा, शेवळे यांची जागा डोंगरउताराची आणि जंगलाच्या कडेची असली, तरी रोजच्या जेवणातला मोठा वाटा घरापासून हाकेच्या अंतरावर मिळतो. शेतीशास्त्राच्या पुस्तकांत यांतल्या कित्येकींची नावे तणांच्या यादीत असतात. शेतकरी बाईला हा विरोध कधी जाणवला नाही, कारण खुरपणी करताना उपटलेले कोवळे कुर्डू किंवा तांदुळजा ती ओच्यात टाकते आणि संध्याकाळी शिजवते. तण काढणे आणि भाजी खुडणे हे एकच काम होते. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली, तेव्हा मजुरी वाचली हे मान्य करायला हवे. मजुरांची टंचाई शेतकऱ्याने ओढवून घेतलेली नाही. पण त्या फवाऱ्याबरोबर घरचे एक कालवणही गेले आणि त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. पडीक जमिनीत गाजरगवतानेही मुसंडी मारली. त्याला दाबून टाकण्यासाठी तणविज्ञानाने सुचवलेल्या वनस्पतींत टाकळाही आहे, ही गोष्ट रानभाज्यांच्या चर्चेत यायला हवी.

दुसरी गोष्ट कृतीची, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण शेवळ्याचे. शेवळे सुरणाच्या गोत्रातले. कंदातून पान येण्याआधी त्याचा जांभळट-तांबूस फुलोरा जमिनीबाहेर येतो, आणि तो उमलण्याआधीच खुडावा लागतो. बाहेरचे आवरण सोलल्यावर आतल्या दांड्यावर पिवळा भाग दिसतो, तो काढून टाकतात. उरलेले बारीक चिरून शिजवतात. तरीही नुसते शिजवलेले शेवळे घशाला खाजते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यावर उतारा म्हणून काकड या झाडाची आंबट फळे ठेचून त्यांचा रस घालतात. ती नसतील तर चिंच किंवा आमसूल. ठाणे-पालघरकडच्या विक्रेत्या शेवळ्यांच्या जुडीबरोबर मूठभर काकडे देतात. त्या मुठीशिवाय ती जुडी अर्धीच भाजी आहे. बांबूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारे द्रव्य असते, म्हणून ते चिरून भिजवतात, उकळतात आणि पाणी ओतून देतात. कडू करांद्यांना राखेच्या पाण्याची उकळी लागते. भारंगीचा पाला उकडून पिळून घेतल्याशिवाय कडवटपणा जात नाही. टाकळ्यावर असे संस्कार लागत नाहीत, पण तिथे वेळ सांभाळावी लागते: रोप वीतभर असेपर्यंतच पाला कोवळा. पुढे तो राठ होतो आणि शेंगा धरल्यावर उपयोग उरतो तो बियांचा. त्या भाजून कॉफीसारखे पेय करतात.

रानभाजी म्हणजे मुळात नाइलाजाचे, दुष्काळाचे अन्न; त्याचे कौतुक म्हणजे गरिबीचे उदात्तीकरण, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला आधार आहे. 1876–78 चा आणि 1899–1900 चा हे दोन मोठे दुष्काळ मुंबई इलाख्याने पाहिले आणि टंचाईत लोक काय खातात याची नोंद सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली. त्यांपैकी जी. ए. गॅमी यांचे या विषयावरचे टिपण 1902 मध्ये प्रसिद्ध झाले. आजही कातकरी वस्त्यांत आषाढात मजुरी थांबते, धान्य सरत येते आणि टोपलीभर पाल्यावर घर चालते. पण यावरून सगळी रानभाजी भुकेची ठरत नाही. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळे कोलंबी किंवा खिमा घालून केले जातात. तिथे ते वर्षातून एकदाच मिळणारे अप्रूप आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य असते, म्हणून त्या दिवशीची भाजी परसातल्या आणि रानातल्या जिनसांची होते. एकच वनस्पती एका घरी सणाची आणि दुसऱ्या घरी गरजेची असू शकते. आक्षेपातला खरा भाग एवढाच, की कौतुक करताना दुसरे घर विसरू नये. शहरातल्या हौशी माणसाने माळ पालथा घालण्यापेक्षा स्टेशनबाहेर बसलेल्या आदिवासी बाईकडून घासाघीस न करता जुडी घ्यावी आणि ती कशी शिजवायची हेही तिलाच विचारावे.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला उगवणाऱ्या कळलावीचा कंद अत्यंत विषारी असतो. खाण्याचा कंद समजून तो पोटात गेला तर जिवावर बेतते. धोतऱ्याचे कोवळे रोप पालेभाजीत मिसळले गेल्यास विषबाधा होते. घोळीत ओमेगा-3 गटातले स्निग्धाम्ल आहे तसे ऑक्झॅलेटही आहे, त्यामुळे मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती जपून खावी. गटाराच्या, रुळांच्या किंवा वर्दळीच्या रस्त्याच्या कडेचा पाला कितीही हिरवागार दिसला तरी घेऊ नये. मुळांवाटे शोषलेले जड धातू धुऊन जात नाहीत. अमुक भाजीने मधुमेह जातो, तमुकीने मूळव्याध, असे दावे हंगामात सगळीकडे पसरतात. त्यांतल्या बहुतेकांना पुरेसा आधार नसतो आणि ते भाजीचे भले करत नाहीत. पण या धोक्यांवरून रानभाजी टाळावी असा निष्कर्ष निघत नाही. वनस्पती नुसत्या छायाचित्रावरून ओळखू नये, ती वर्षानुवर्षे खाणाऱ्या माणसाकडून शिकावी, एवढाच तो निघतो.

अतितोडणीची भीती काही भाज्यांबाबत खरी आहे. टाकळा, कुर्डू यांसारख्या हंगामी वनस्पतींचे शेंडे खुडले तर त्या पुन्हा फुटतात आणि बी धरतात. शेवळ्याचा मात्र फुलोराच खाल्ला जातो, म्हणजे त्या वर्षीचे बी संपते; कंद उपटला तर झाडच गेले. मागणी वाढवणाऱ्या प्रत्येक रानभाजी महोत्सवाने हा फरक सांगायला हवा. कायद्याची बाजूही सरळ नाही. राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यात 1972 चा वन्यजीव कायदा अशा तोडीला आडवा येतो. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना व इतर पारंपरिक वननिवासींना परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी दिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांध, पडीक आणि गायराने यांतली भाजी या तरतुदींच्या बाहेरच राहते. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेल्या तुकड्यातून किती घरांचे कालवण निघते, याला कुठेही रकाना नाही. त्यामुळे ती जमीन खाणीला किंवा प्लॉटिंगला गेली की काय गेले हे दाखवताही येत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवही ही त्यासाठी हाताशी असलेली जागा आहे. वनस्पतीचे नुसते नाव लिहून तिथे थांबू नये. ती गावाच्या कोणत्या भागात उगवते, कोण खुडते, कोणत्या आठवड्यात आणि कशात शिजवते, हे गावातल्या बायकांना विचारून त्यात उतरवायला हवे.