हवालदार गोपाळबाबा वलंगकर

गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळ गावचे. महार कुटुंबात जन्मलेले गोपाळबाबा इंग्रजांच्या फौजेत शिपाई झाले, हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि १८८६ मध्ये पेन्शनीत निघून दापोलीत राहिले. पुढची चौदा वर्षे त्यांनी लेखणी चालवली. अस्पृश्यतेविरुद्ध अस्पृश्य समाजातूनच छापील शब्दांत उठलेला हा पहिला ठळक आवाज.

त्यामागे पलटणीचा वाटा मोठा होता. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महारांची भरती जुनी होती. कोरेगावच्या १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली महारांची नावे आजही तिथल्या स्तंभावर वाचता येतात. बंगालच्या फौजेत जातीपातीचा विचार कडक असे. मुंबईच्या पलटणींत मात्र निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत कवायत करत. शिवाय छावणीत शाळा असे. गावच्या शाळेचा उंबरा ज्यांना बंद होता, त्यांना लिहितावाचता येऊ लागले ते या शाळांमुळे. पण नोकरी संपवून गावी परतलेल्या हवालदाराला, ज्याच्या हुकमावर काल शिपाई हलत होते, पुन्हा महारवाड्यातच राहावे लागे आणि गावच्या पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागे. दापोली ही जुनी लष्करी वसाहत असल्याने पेन्शनरांची तिथे वस्ती होती आणि हा विरोधाभास तिथे घरोघरी सोसला जात होता.

जोतीराव फुले यांच्या विचारांनी या अनुभवाला अर्थ दिला. फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच चळवळीतून कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले आणि पुढे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते चालवले. वलंगकर ‘दीनबंधु’त लिहू लागले, आगरकरांच्या ‘सुधारक’मध्येही त्यांनी लिहिले. लोकांना जागे करण्यासाठी पद्ये रचली. धर्मग्रंथ वाचून त्यांनी निष्कर्ष काढला की जातिभेद ईश्वराने घडवलेला नसून आर्यांनी अनार्यांना दाबात ठेवण्यासाठी रचलेला आहे. त्यांच्या संस्थेचे नावही ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ असेच होते.

१८८८ मध्ये त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी लक्षात राहण्यासारखी आहे: शंकराचार्य आणि इतर धर्मधुरीणांपुढे ठेवलेले २६ प्रश्न. ज्यांच्या शब्दावर विटाळ टिकून होता, त्यांनाच वलंगकरांनी जाब विचारला. दयेची याचना करण्यापेक्षा हे किती वेगळे होते, ते त्या काळाचा विचार करता उमगते. शास्त्रार्थ हा ज्यांचा मक्ता समजला जाई, त्यांच्याशी एक महार पेन्शनर शास्त्रावरूनच वाद घालत होता.

मग फौजेचाच दरवाजा बंद झाला. ‘लढवय्या जाती’ आणि बाकीच्या जाती अशी विभागणी इंग्रज सेनाधिकाऱ्यांत रूढ झाली आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. पगार आणि पेन्शन तर गेलेच, पण ज्या शाळांनी एक पिढी साक्षर केली त्यांची वाटही बंद झाली. १८९४ मध्ये वलंगकरांनी मंडळीच्या वतीने भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. महार मूळचे क्षत्रिय, दुष्काळाच्या आपत्तीत त्यांचा दर्जा गेला, असा दावा त्यात होता. अनार्यत्वाच्या सिद्धांताशी हा दावा पुरता जुळत नाही; पण सरकारला लढवय्ये हवे होते, आणि अर्ज सरकारसाठी होता. भरती उघडली नाही.

१८९५ मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. उच्चवर्णीयांना ती रुचली नाही. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागून शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढला. पुढे नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी आपल्या पत्राला ‘विटाळ विध्वंसक’ हे नाव दिले. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘मूकनायक’ १९२० चा. भरतीची मागणी मात्र युद्धाची गरज पडली तेव्हाच मान्य झाली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, महारांची १११ वी पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभारण्यात आली.